सलूहाच्या नावची पोच

"त्याला हात लावू नकोस," लल्ला सलूहा चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "तिथंच रेंज येते."

फोन खिडकीत, खारवलेल्या लिंबांच्या बरणीला टेकवून उभा केलेला होता. फाखिरनं त्याला हात लावला नव्हता, नुसतं पाहिलं होतं. पण हजची यादी लागायच्या दिवसांत त्या घरात फोनकडे पाहणं हे हात लावण्यातच जमा होतं.

"उम्मी, रेंज सगळ्या घरात येते."

"तुझ्या फोनला येत असेल. माझा म्हातारा आहे. त्याला उजेड लागतो."

फाखिर कॉफी घेऊन बसला. स्फाक्स शहरात ग्रेमदाच्या रस्त्याला, बदामाच्या चार झाडांच्या आडोशाला हे घर होतं आणि घरात ही दोन माणसं. पन्नाशी ओलांडलेल्या एकुलत्या एका मुलाचं लग्न जमवण्याचा नाद लल्ला सलूहानं कधीच सोडला होता आणि हजचा धरला होता. दोन्हीकडे नाव यादीतच राहतं, असं ती म्हणायची. पण हजच्या यादीत निदान खोड काढायला मुलीची मावशी नसते.

दरवर्षी ती अर्ज करायची आणि दरवर्षी दुसऱ्यांची नावं निघायची. त्याचं तिला फारसं वाटत नसे. बोलावणं आल्याशिवाय तिथं कोणी जात नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि गल्लीत पाहिलेलंही होतं. तेलाच्या घाण्याचा मालक पैशाच्या राशीवर बसून होता, पण दरवेळी निघायच्या आधी त्याचं काहीतरी मोडायचं, कधी पाय, कधी भागीदारी. आणि चपला शिवणारा सालेम, ज्याच्या स्वतःच्या चपलांना टाच नव्हती, तो पहिल्याच अर्जाला जाऊन आला. बोलावणं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. हृदयाच्या डॉक्टरनं दाखल्यावर सही केली, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाला, "लल्ला सलूहा, यंदा देतो. पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. मला नाही म्हणवणार नाही, आणि हो म्हणता येणार नाही." तेव्हा यंदा नाही तर नाहीच, हे घरातल्या दोघांनाही ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं. बोलायची गरज फोननं संपवली होती. तो खिडकीत उभा होता.

यातली गंमत अशी, की प्रांतातल्या हजच्या अर्जांचं काम ज्या कार्यालयात चालायचं, त्याचा अख्खा माहिती विभाग म्हणजे फाखिर. विभागाला पाटी होती, पंखा होता आणि फाखिर होता. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, पोराच्या हातात किल्ली आहे, म्हातारीचं काम झालंच समजा. लल्ला सलूहानं त्याला एकदाच, पण कडक शब्दांत बजावलं होतं. "माझ्या नावाला बोट लावायचं नाहीस. वशिल्यानं गेलेल्याला तो दारातूनच परत पाठवतो."

आणि फाखिरनं लावलंही नाही. तो मुळात नावांच्या वाटेला जातच नसे. त्याचं काम त्याच्याही खालचं होतं. ते काय, हे तिनं एकदा जेवताना विचारलं होतं.

"हे बघ," तो म्हणाला होता, "राजधानीत एक कंपनी आहे. तिच्या दारात एक रांग लागते. माणसांची नाही, निरोपांची. ज्याची निवड झाली त्याचा निरोप तिथं येऊन उभा राहतो. आपलं यंत्र इथून हात लांब करतं, पुढचा निरोप उचलतं आणि तिकडे सांगतं, पोचला. ती पोच मिळाली की ते तो निरोप पुसून टाकतात. मग आपलं यंत्र त्या माणसाच्या फोनवर कळवतं."

"आणि पोच दिलीच नाही तर?"

"तर निरोप तिथंच उभा. पुन्हा देतात."

"रीत चांगली आहे. म्हणजे यंत्र झालं पोस्टमन."

"हो."

"आणि तू?"

"मी पोस्टमनला पत्ता सांगतो."

लल्ला सलूहानं भाकरीचा तुकडा तेलात बुडवला. "तुझ्या बापाला वाटलं होतं तू पूल बांधशील."

पत्ता सांगणं हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. यंत्राला चार गोष्टी लिहून द्यायच्या होत्या: राजधानीतल्या यंत्राचा पत्ता, कुठल्या दारानं आत जायचं ते, रांगेचं नाव आणि परवलीचा शब्द. या चार ओळींसाठी फाखिरचा सगळा हिवाळा गेला. पत्ता मिळाला तेव्हा दार बंद होतं; दार उघडलं तेव्हा परवलीचा शब्द बदलला होता; आणि शब्द मिळाला तेव्हा तो देणारा माणूस रजेवर गेला होता. शेवटी एके दिवशी पहिला निरोप पोचला. त्यात नुसतं 'चाचणी' असं लिहिलं होतं. फाखिरनं त्या दिवशी येताना आईसाठी मकरूदची, म्हणजे खजूर भरलेल्या मिठाईची, पेटी आणली. कशाबद्दल, हे तिला कळलं नाही; पण खजूर ताजा होता.

यंदाची यादी लागली. गल्लीत कोणाकोणाच्या फोनवर निरोप आले, बायकांनी गच्चीवरून जिभा फिरवून उलुलुलु असा आवाज काढत आनंद कळवला. लल्ला सलूहाच्या बरणीला टेकलेला फोन उजेड खात राहिला. त्याच्यावर दोन निरोप आले, आणि दोन्ही रिचार्ज करा म्हणून सांगणारे होते. मग ज्यांनी मुदतीत येऊन नाव पक्कं केलं नाही त्यांच्या जागा प्रतीक्षा यादीतल्यांना गेल्या. समोरच्या मन्नूबियाला गेली.

त्या संध्याकाळी लल्ला सलूहानं फोन खिडकीतून उचलला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि कपाटात ठेवला.

"नाही बोलावलं," ती म्हणाली. एवढंच. मग विचारलं, "अंडी किती घालू, दोन की तीन?"

फाखिरला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सेफसारीची पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळली, भाड्याच्या गाडीत बसली आणि माहरेसला बहिणीकडे गेली. बहिणीशी तिचं तांब्याच्या एका हंड्यावरून बोलणं बंद होतं. तो हंडा आईनं कोणाला दिला, हा वाद त्या दोघींची लग्नं, बाळंतपणं आणि वैधव्यं ओलांडून टवटवीत राहिलेला होता. लल्ला सलूहा तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हंडा तुझा. मला माफ कर." बहीण एवढी घाबरली, की तिनं आधी डॉक्टरला फोन लावला.

परत आल्यावर तिनं फाखिरला सांगितलं, "माझंच काहीतरी राहिलं असणार. उगाच कोणाला वगळत नाही तो." आणि ती शोधत बसली. कोणाला उणं बोलले, कोणाचं उसनं पीठ मापानं कमी परत केलं, रमजानात कुठल्या दिवशी मन दुसरीकडे होतं. देवानं न सांगितलेली कारणं ती स्वतःच एकेक करून पुरवत होती.

मन्नूबियाच्या घरी मात्र आनंदीआनंद होता. मन्नूबियाला दमा होता, पण तो बोलण्याच्या आड येत नसे. "मी म्हणतच होते," ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्याशी बोलल्यावाचून त्याला करमायचं नाही." लल्ला सलूहा रस्ता ओलांडून तिच्याकडे गेली, तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आपण हिच्या तोंडाळपणाबद्दल मागे काय काय बोललो होतो, ते सविस्तर सांगून माफी मागितली. मन्नूबियाला त्यातलं बरंचसं नवीन होतं.

या सगळ्यानंतर, हाजी निघायला थोडे दिवस उरले असताना, राजधानीतून आनिसचा फोन आला. आनिस तिकडच्या कंपनीत रांगा सांभाळायचा आणि सगळ्यांना 'सी', म्हणजे राव, लावूनच हाक मारायचा. आवाज नेहमी आनंदी, कारण त्याच्यापर्यंत माणसं पोचतच नसत.

"सी फाखिर, सहज विचारतो. तुम्ही तिकडे यंत्रं दोन लावलीत का? काम वाटून घ्यायला?"

"एकच आहे."

"मला तुमच्या रांगेवर दोन दिसतायत. यादी सुटली त्या आठवड्यापासून. दोन्ही गुणी आहेत हो, भांडण नाही, तंटा नाही. एक निरोप हा उचलतो, एक तो उचलतो. कल्पना चांगलीच आहे. फक्त मला कळवायला हवं होतं, एवढंच."

फाखिरनं फोन तसाच टेबलावर ठेवला आणि तो मागच्या अडगळीच्या खोलीत गेला. तिथं साहेबांच्या शेतातल्या ऑलिव्हच्या तेलाचे डबे होते, मोडक्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांमागे चाचणीचं यंत्र होतं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

हिवाळ्यात त्यानं सगळी जोडणी आधी या यंत्रावर करून पाहिली होती. चाचणीसाठी रांगही वेगळी मिळायला हवी होती; आनिस म्हणाला होता, "ती मिळेल तेव्हा मिळेल, तोवर खऱ्या रांगेलाच जोडा, आत्ता रिकामीच आहे." काम झाल्यावर फाखिरनं ते यंत्र हातानं झोपवलं होतं. पण वीज जाऊन आली की आपलं आपण उठायचं, अशी एक ओळ त्यानंच त्यात लिहून ठेवली होती, आणि ती पुसायची राहिली. यादी सुटली त्या आठवड्यात सगळ्या भागाची वीज गेली. आली तेव्हा कॅफेचं कॉफीयंत्र उठलं, साहेबांचा एसी उठला, आणि अडगळीत हेही उठलं. उठल्याबरोबर त्यानं राजधानीकडे हात लांब केला. चाचणीच्या वेळी उगाच कोणाला 'अभिनंदन' जाऊ नये म्हणून त्याचं फोनवर कळवणं फाखिरनं बंद करून ठेवलेलं होतं. तेव्हा ते यंत्र दर दुसरा निरोप उचलत होतं, पोच देत होतं आणि गप्प बसत होतं. त्या कार्यालयात इतका आज्ञाधारक नोकर दुसरा नव्हता.

आणि कोणाला काही कळलं नाही, कारण कोणी तक्रारच केली नाही. पगार आला नाही तर माणूस खिडकीवर येतो. देवानं बोलावलं नाही म्हणून तो कुठल्या खिडकीवर येणार?

फाखिरनं अडकलेले निरोप उघडले. आईचं नाव शोधावं लागलं नाही. सलूहा, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, ग्रेमदाचा रस्ता. आपली निवड झाली आहे. सोमवार, दुपार.

तो एका डब्यावर बसला. मग उठून त्यानं पुन्हा आनिसला फोन केला आणि ते निरोप परत पाठवता येतील का विचारलं.

"कसे पाठवू?" आनिसचा आवाज अजून तितकाच आनंदी होता. "पोच गेलीय, सी फाखिर. आमच्या लेखी ते मिळाले. पुसले आम्ही. का, काही गडबड आहे का?"

साहेब, म्हणजे सी मजीद, कॉफीत साखर ढवळत होते. फाखिरनं सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकलं आणि तरी ढवळत राहिले.

"एक तरी तक्रार आली?"

"नाही."

"का नाही आली?"

"त्यांना वाटतंय देवानं बोलावलं नाही."

"मग," सी मजीद म्हणाले, कोणी उत्तर हातात आणून द्यावं तसे. "देवाच्या मर्जीवर आपण खुलासा काढायचा म्हणतोस?"

"मर्जी देवाची नव्हती. विजेची होती. आणि माझी."

"फाखिर, जागा भरल्या. नव्या माणसांचे व्हिसे झाले. घराघरात कुसकुस शिजला, नातेवाईक जेवून गेले. आता मी दारोदार जाऊन सांगू, ओका?"

"त्यांचं राहू दे. ज्यांचं गेलं त्यांना निदान खरं सांगू."

"आणि त्यांना त्यातून काय मिळेल?" सी मजीदांनी पहिल्यांदाच चमचा थांबवला. "देवानं नाकारलं, हे माणूस सोसतो. खाली मान घालतो, नमाज पढतो, सोसतो. कार्यालयानं नाकारलं, हे नाही सोसत. तुला त्यांचं भलं करायचंय की स्वतःचं ओझं उतरवायचंय?"

फाखिर दाराकडे वळला. मग म्हणाला, "त्यात माझी आई आहे."

सी मजीद दुष्ट नव्हते. त्यांचा चेहरा खरोखरच पडला. ईदला लल्ला सलूहाच्या हातचा खारा मासा आणि त्यावरची शरमूला, म्हणजे मनुका-कांद्याची गोड चटणी, त्यांनी किती वर्षं खाल्ली होती. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"लल्ला सलूहा?"

"हो."

"तिची जागा कोणाला गेली?"

"मन्नूबियाला. आमच्या समोरची."

सी मजीद खुर्चीत परत बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मग तर अजिबात बोलू नकोस, बाबा. लोक म्हणतील, आईचं गेलं म्हणून गळा काढतोय."

फाखिर अडगळीत परत गेला आणि त्यानं ती ओळ पुसली. हिरवा दिवा विझला. दुरुस्ती तेवढीच होती. दुरुस्ती इतकी लहान असू नये, असं त्याला वाटलं. निदान एखादा स्क्रू तरी फिरवावा लागायला हवा होता.

घरी दोन दिवस तो काही बोलला नाही. साहेबांचं म्हणणं त्यानं पुन्हा पुन्हा घोळवून पाहिलं आणि त्यात खोट सापडेना. आई झोपत होती, जेवत होती, माफ्या मागत फिरत होती. पण शुक्रवारी दुपारी अंगणात बदाम फोडताना ती म्हणाली, "उद्या मला कबरस्तानात ने."

"कशाला?"

"तुझ्या बापाकडे. तो आजारी होता ना, तेव्हा एकदा मला रात्रभर हाका मारत होता आणि मी एकदा म्हटलं, मर एकदाचा. त्याला ऐकू गेलं नसेल. पण वरती गेलं असणार. तेच असेल."

हातोडी पुन्हा बदामावर पडली. फाखिरला ते ऐकवेना. एका यंत्राचं पाप शोधत ही बाई आता मेलेल्या नवऱ्यापर्यंत पोचली होती.

"उम्मी," तो म्हणाला. "बोलावणं आलं होतं."

तिनं मान वर केली.

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन यंत्रं, वीज, हिरवा दिवा. पोस्टमन दोन झाले आणि त्यातला एक मुका होता, असं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, आणि फाखिरला वाटलं, बरं झालं सांगितलं.

"नाव माझंच होतं?"

"तुझंच. आजोबांच्या नावासकट."

"काय लिहिलं होतं?"

"आपली निवड झाली आहे."

"आणखी एकदा सांग."

"आपली निवड झाली आहे."

ती ते मनातल्या मनात म्हणून पाहत होती. "कधी?"

"सोमवारी. दुपारी."

"सोमवारी दुपारी मी काय करत होते?" तिनं डोळे मिटले. "वीज नुकतीच आली होती. हां, सतरंज्या धूत होते. नळ सोडलेला होता." ती हसली. खरोखर हसली. "मी इथं सतरंजी बडवत होते, आणि तिकडे माझं नाव."

"हो."

"मग ते यंत्रानं घेतलं."

"घेतलं."

"आणि पोच दिली."

फाखिर जन्मभर यंत्रांत वावरला होता आणि यंत्रांच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "दिली."

"माझ्या नावची."

"हो."

लल्ला सलूहाच्या चेहऱ्यावरचं हसू आहे तिथंच थांबलं. "म्हणजे तिकडे काय समजले? सलूहाला निरोप मिळाला."

"उम्मी, ते यंत्राचं यंत्राला—"

"आणि सलूहा आली नाही."

फाखिरनं सांगायचा प्रयत्न केला. पोच म्हणजे होकार नव्हे. ती वाचणारं तिकडेही माणूस नव्हतं, यंत्रच होतं. तो राजधानीतला मामला होता, वरचा नव्हे.

"असं कसं?" ती शांतपणे म्हणाली. "बोलावणं त्याचं आणि पोच कंपनीची? लोक तिथं जाऊन पहिला शब्द काय म्हणतात? हजर आहे, म्हणतात. माझ्या नावानं कोणीतरी हजर आहे म्हणालं, फाखिर. आणि मी सतरंजी धूत राहिले."

आपण काय केलं, ते त्याला तेव्हा दिसलं. बोलावणं आलं नाही, या दुःखात बसायला तिला एक जागा तरी होती. लहान, कडक, पण बूड टेकण्यापुरती. ती त्यानं ओढून काढली होती. आता ती न बोलावलेली राहिली नव्हती. बोलावलेली, हो म्हणालेली आणि न गेलेली झाली होती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

"हो," लल्ला सलूहा म्हणाली. मग तिनं बदामांची परात त्याच्याकडे सरकवली. "सालं वेगळी ठेव."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. कबरस्तानात गेली नाही, कोणाची माफी मागायला गेली नाही. फक्त फोन कपाटातून बाहेर आला आणि तिच्या कमरेच्या पिशवीत गेला. तो वाजला की ती हातातलं काम टाकून पहिल्याच घंटेला उचलायची. गिऱ्हाइकाला योजना समजावून सांगणाऱ्या पोरी असायच्या. ती त्यांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, आणि "ऐकलं हं, बाळ," असं म्हणूनच ठेवायची.

हाजींची बस निघायच्या दिवशी ती सकाळीच तयार झाली. फाखिर म्हणाला, "तू नाही आलीस तरी चालेल."

"का? माझ्या पायांना काय झालंय?"

चौकात निम्मं ग्रेमदा जमलेलं होतं. मन्नूबिया बसच्या दारात पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभी होती. एका हातात दम्याचा पंप, दुसऱ्यात शिदोरीची टोपली. "रांगेनं या, रांगेनं," ती सांगत होती. "ज्याला जे मागायचंय ते थोडक्यात सांगा. सगळ्यांची नावं घ्यायची म्हणजे मला तिथं घर भाड्यानं घ्यावं लागेल." लोक हसत होते, पुढे होऊन तिच्या कानात सांगत होते. कोणाला मुलगा हवा होता, कोणाला मुलाला नोकरी, एका पोरीला फक्त चष्मा जायला हवा होता. मन्नूबिया प्रत्येकीला म्हणत होती, "सांगते. पुढे."

लल्ला सलूहाची पाळी आली. तिनं भाजलेल्या पिठाच्या बसीसाचा डबा टोपलीत ठेवला. मग मन्नूबियाच्या खांद्यावर हात टेकून ती तिच्या कानाशी वाकली. थोडंसंच बोलली. मन्नूबियानं मागे सरून तिच्याकडे पाहिलं. "तुला?" तिनं विचारलं. लल्ला सलूहानं मान डोलावली. बोलण्यासारखं काही न सुचायची मन्नूबियाच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ होती. तिनं लल्ला सलूहाच्या कपाळाचा मुका घेतला.

बस गेली. बायकांच्या जिभा थांबल्या, धूळ खाली बसली, माणसं पांगली. दोघं घराकडे चालू लागली.

"काय मागितलंस?" फाखिरनं विचारलं.

"काही नाही. निरोप दिला."

तो थांबला. ती चालत राहिली, म्हणून त्यालाही चालावं लागलं.

"म्हटलं, माझ्यासाठी काही मागू नकोस. फक्त सांग, की सलूहाला हल्ली ऐकू येत नाही. म्हणून राहिलं. नाहीतर आली असती."

फाखिर तिच्या शेजारून चालत होता. ऊन अजून कोवळं होतं आणि रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता.

"मधून चालू नकोस," लल्ला सलूहा म्हणाली. "मागून मोपेड येतेय."

त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तरी तो कडेला झाला. बरंच पुढे गेल्यावर मागच्या वळणावर मोपेड उगवली, पाठीला भाकरीची पेटी बांधलेला कोणीतरी होता. तो त्यांना ओलांडून गेला, आणि लल्ला सलूहा सेफसारीचं टोक दातांत धरून, रस्त्याच्या कडेकडेनं चालत राहिली.